कॉपी-ऑन-राइट फोर्क: एका सीपीयूवर सगळं पास, तीनवर पेजचा काउंट बिघडतो

रिकामी_यादी (प्रश्न)

एक्सव्ही६च्या (शिकण्यासाठी लिहिलेलं छोटं युनिक्ससारखं कर्नल) रिस्क-फाइव्ह आवृत्तीवर कॉपी-ऑन-राइट फोर्क चढवतोय, म्हणजे फोर्कच्या वेळी पेजेस पालक आणि मुलात सामायिक ठेवायची आणि कुणी लिहिलं की मगच कॉपी करायची. मेमरी १२८ एमबी, पेज ४०९६ बाइटचं, म्हणजे एकूण ३२,७६८ पेजेस. प्रत्येक पेजला एक बाइटचा रेफरन्स काउंट (ते पेज किती जणांनी धरलंय तो आकडा) आहे, सगळे एका अ‍ॅरेमध्ये, आणि अख्ख्या अ‍ॅरेला मिळून एक स्पिनलॉक (एका वेळी एकाच सीपीयूला आत सोडणारं कुलूप).

सध्याची रचना अशी:

केॲलॉकमध्ये (मोकळं पेज देणारं फंक्शन) पेज हाती आलं की काउंट १ करतो.

यूव्हीएमकॉपीमध्ये (फोर्कच्या वेळी पालकाची मेमरी मुलाला देणारं फंक्शन) नवीन पेज घेत नाही. पालकाच्या नोंदीतला राइट बिट काढतो, राखीव बिटांपैकी ८ क्रमांकाचा बिट 'कॉपी-ऑन-राइट' म्हणून लावतो, तीच नोंद मुलाच्या पेज टेबलात टाकतो आणि काउंट एकने वाढवतो. इथे लॉक घेतलेला नाही, कारण पेज पालकाचं आहे आणि पालक तर याच फोर्कमध्ये अडकलेला आहे.

केफ्रीमध्ये (पेज सोडणारं फंक्शन) लॉक घेऊन काउंट एकने कमी करतो, लॉक सोडतो, मग काउंट शून्य आहे का ते पाहून पेज मोकळ्या यादीत टाकतो.

स्टोअर फॉल्ट, म्हणजे राइट बिट नसलेल्या पेजवर लिहिण्याचा प्रयत्न, आला (कारण क्रमांक १५) की काउंट १ असेल तर फक्त राइट बिट परत देतो. नसेल तर नवीन पेज, कॉपी आणि जुन्यावर केफ्री.

क्यूएमूला (यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर) एक सीपीयू दिला तर सगळ्या चाचण्या पास. तीन दिले की तीन प्रकार दिसतात, कधी एक तर कधी दुसरा: (अ) एखाद्या प्रोसेसच्या पॉइंटरमध्ये ०५०५०५०५ असला कचरा, (आ) मोकळ्या यादीवर फिरणारं लूप संपतच नाही, (इ) चाचण्या पास होतात पण शेवटी मोकळी पेजेस सुरुवातीपेक्षा कमी भरतात.

एकच चूक आहे की तीन? शिवाय 'काउंट १ असेल तर लिहू द्या' ही तपासणी मुळात बरोबर आहे का? लिनक्समध्ये ती बदलली असं वाचलं, पण का ते कळलं नाही.

---

अडगळीतला_बिट

दोन चुका आहेत आणि तिसरीचा संशय आहे.

पहिली केफ्रीमध्ये. लॉकखाली कमी करून लॉकबाहेर तपासणं म्हणजे लॉक न घेतल्यासारखंच. समजा काउंट २ आहे. पहिला सीपीयू तो १ करतो आणि लॉक सोडतो. त्याने वाचायच्या आत दुसरा सीपीयू १चा ० करतो. आता दोघेही वाचतात, दोघांनाही शून्य दिसतं, दोघेही पेज यादीत टाकतात. एकच पेज यादीत दोनदा गेलं की त्याचा 'पुढचा' पॉइंटर स्वतःकडे किंवा मागच्या एखाद्याकडे वळतो. तुमचा (आ) हाच. ते पेज पुढे दोन वेगवेगळ्या प्रोसेसना मिळालं तर (अ)सुद्धा इथूनच येतो.

निर्णय नेहमी *आपण केलेल्या* वजाबाकीच्या उत्तरावर घ्यायचा, नंतर पुन्हा वाचलेल्या किमतीवर कधीच नाही. लॉक ठेवायचा असेल तर नवी किंमत लॉकखालीच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, लॉक सोडा आणि तो व्हेरिएबल तपासा. अ‍ॅटॉमिक वापरणार असाल तर फेच-अँड-सबची (मध्ये कुणी न घुसता एका झटक्यात होणारी वजाबाकी) परत आलेली *जुनी* किंमत १ असेल तोच शेवटचा मालक. शून्यावर नेणारा एकच असतो, त्यामुळे सोडणाराही एकच.

दुसरी चूक यूव्हीएमकॉपीमधला लॉक वगळण्याचा युक्तिवाद. पालक अडकलेला आहे हे खरं, पण त्याच पेजवर आधीच्या फोर्कमधून जन्मलेली भावंडं बसलेली असू शकतात आणि ती दुसऱ्या सीपीयूवर एक्झिट किंवा एक्झेक (नवा प्रोग्रॅम चढवणं) करत असतात. तुमचं 'एकने वाढव' म्हणजे तीन वेगळ्या पायऱ्या: वाच, वाढव, लिही. तुम्ही ३ वाचलेत, तेवढ्यात भावंडाने २ केला, तुम्ही ४ लिहिलात. त्याची वजाबाकी पुसली गेली, पेज कधीच सुटणार नाही. हा तुमचा (इ). उलट क्रमाने घडलं, म्हणजे त्याने वाचल्यावर तुम्ही लिहिलंत आणि मग त्याने लिहिलं, तर तुमची वाढ पुसली जाते आणि वापरात असलेलं पेज लवकर सुटतं. म्हणजे त्या एकाच ओळीतून गळतीही होते आणि विध्वंसही. दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की आधी लॉकशिवायची ++ शोधावी.

संशय आहे तो फॉल्ट हँडलरमधल्या क्रमाचा. तुम्ही लिहिलेला क्रम बरोबर वाटतो, पण प्रत्यक्ष कोडमध्ये तपासून पाहा. नवीन पेज घ्या, मजकूर कॉपी करा, पेज टेबलातली नोंद नव्या पेजकडे वळवा आणि *मगच* जुन्यावर केफ्री. केफ्री कॉपीच्या आधी गेला तर तुमचा हक्क सुटलेला असतो. दुसरी प्रोसेस त्याच क्षणी संपली की पेज मोकळं होतं आणि तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर कॉपी करत बसता. नवीन पेज मिळालंच नाही तर जुन्याला हातही न लावता प्रोसेस मारायची. ती संपताना जुन्याचा हक्क आपोआप सुटेल.

वाढवण्याचा नियम याच्या उलटा: आधी काउंट वाढवा, मग नोंद दुसऱ्याच्या टेबलात टाका. काउंट क्षणभर जास्त असला तर फार तर पेज थोडं उशिरा सुटेल. क्षणभर कमी असला तर गेलं.

कचऱ्यावरूनही बरंच कळतं. एक्सव्ही६मध्ये केफ्री सोडलेलं पेज ०१ने भरतं आणि केॲलॉक दिलेलं पेज ०५ने. ०१ दिसलं तर तुम्ही सुटलेल्या, अजून कुणालाच न दिलेल्या पेजमध्ये बघताय. ०५ दिसलं तर ते पेज पुन्हा कुणाला तरी दिलं गेलंय आणि त्याने अजून त्यात काही लिहिलेलं नाही. हे भरणं वेळखाऊ म्हणून बंद करायचा मोह होतो. चूक सापडेपर्यंत करू नका.

आणि काउंट ३२ बिटांचा करा. ६४ प्रोसेसच्या मर्यादेत एक बाइट पुरतो हे खरं, पण रिस्क-फाइव्हच्या मूळ अ‍ॅटॉमिक एक्स्टेन्शनमध्ये सूचना ३२ आणि ६४ बिटांच्याच आहेत. बाइटवर अ‍ॅटॉमिक हवं असेल तर अख्खा शब्द उचलून मास्क लावत बसावं लागतं, आणि काही कंपायलर त्यासाठी लायब्ररीतलं फंक्शन मागतात. कर्नलमध्ये ती लायब्ररी नसते, त्यामुळे लिंकर अडतो. ३२ केबीऐवजी १२८ केबी जातील. १२८ एमबीतला हा हजारावा हिस्साही नाही.

---

ट्रॅम्पोलिन

वरच्यात भर. सोडलेलं पेज ०१ने भरणारी मेमसेटची ओळ केफ्रीच्या अगदी वर आहे. काउंटची तपासणी त्या ओळीच्या *आधी* आली पाहिजे. नाहीतर पहिल्याच वजाबाकीला वापरातलं पेज पुसलं जातं. ही चूक एका सीपीयूवरही दिसते, म्हणजे तुमच्याकडे ती नसावी, पण हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

बूटच्या वेळी फ्रीरेंज प्रत्येक पेजवर केफ्री करतं. तेव्हा काउंट शून्यच असतो, म्हणजे वजाबाकी होऊन उणे एक. तुमचा बाइट चिन्हरहित असेल तर थेट २५५. फ्रीरेंजमध्ये आधी १ लिहून मग केफ्री करा. '० किंवा कमी असेल तर सोड' असं लिहून हा प्रश्न झाकणारे बरेच दिसतात. त्याने बूट होतं, पण खरा डबल फ्रीही त्याच दारातून गुपचूप आत येतो.

कॉपीआउट (कर्नलकडून वापरकर्त्याच्या मेमरीत मजकूर लिहिणारं फंक्शन) विसरू नका. तिथे कर्नल पेजच्या भौतिक पत्त्यावर थेट लिहितो, वापरकर्त्याची नोंद हार्डवेअर बघतच नाही, म्हणून फॉल्ट येणारच नाही. मुलाने पाइपमधून वाचलं की पालकाच्याही पेजमध्ये मजकूर उमटतो. तिथे हाताने कॉपी-ऑन-राइट मोडावं लागतं, आणि पत्ता कमाल मर्यादेच्या आत आहे ना हे आधी तपासावं लागतं, कारण मर्यादेबाहेरचा पत्ता दिला तर वॉक (पेज टेबलातली नोंद शोधणारं फंक्शन) पॅनिक करतं, म्हणजे कर्नल तिथेच थांबवतं.

मूळ नोंदीत राइट बिट नव्हताच, उदाहरणार्थ प्रोग्रॅमच्या कोडचं पेज, तर कॉपी-ऑन-राइट बिट लावू नका. लावलात तर केवळ-वाचनाचं पेज पहिल्या फॉल्टला लिहिण्याजोगं होऊन बसेल.

---

पानमोजणी

'काउंट १ असेल तर लिहू द्या' याबद्दल. तुमच्या कर्नलमध्ये बरोबर, लिनक्समध्ये चूक. फरक कुठे आहे ते पाहू.

रेफरन्स काउंट एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हे पेज सोडायचं का? 'यात लिहायचा हक्क कुणाला?' हा वेगळा प्रश्न. तुमच्याकडे काउंट वाढवणारी जागा एकच, पेज टेबलातली नोंद. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं योगायोगाने जुळतात. शिवाय प्रोसेसमध्ये एकच थ्रेड आहे, त्यामुळे काउंट १ दिसल्यावर तो वाढवू शकणारे फक्त तुम्हीच, आणि तुम्ही फॉल्ट हँडलरमध्ये आहात. थ्रेड आणलेत तर मात्र ही तपासणी आणि राइट बिट लावणं दोन्ही त्या पेज टेबलाच्या लॉकखाली हवं.

लिनक्समध्ये प्रत्येक पेजच्या नोंदीत (६४-बिट यंत्रावर ती साधारण ६४ बाइटची, म्हणजे १६ जीबीला २५६ एमबी) दोन वेगळे काउंट असतात. मॅपकाउंट: किती पेज टेबलांत नोंद आहे, तो उणे एकपासून सुरू होतो. रेफकाउंट: एकूण किती जणांनी पेज धरलंय. त्यात मॅपिंग आलं, पेज कॅश (फाइलींचा मेमरीत ठेवलेला मजकूर) आला, डीएमए (डिव्हाइसने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) करणारा ड्रायव्हर आला, पाइपमधला बफर आला, आणि क्षणभरासाठी डोकावणारेही आले.

हे डोकावणारेच घोळ घालतात. पेज कॅशमधला शोध लॉक न घेता चालतो: आरसीयूखाली (लॉकशिवाय वाचू देणारी लिनक्सची पद्धत) पॉइंटर वाचायचा, 'शून्य नसेल तरच वाढव' करायचं, आणि मग पॉइंटर अजून तोच आहे का ते पुन्हा बघायचं. नसेल तर सोडून पुन्हा सुरुवात. म्हणजे ज्याचा पेजशी काही संबंध उरलेला नाही असाही कुणी एखाद्या क्षणी काउंट वाढवून बसलेला असतो. पेज कॅशमधून काढणाऱ्याला म्हणूनच काउंट नुसता वाचून चालत नाही. अपेक्षित आकडा धरून कंपेअर-अँड-एक्स्चेंजने तो शून्यावर गोठवावा लागतो. जमलं तर पेज त्याचं, नाहीतर यावेळी सोडून द्यायचं.

आता इतिहास. कॉपी-ऑन-राइट फॉल्टमध्ये पूर्वी ढोबळमानाने मॅपकाउंट बघितला जायचा. त्यातलं भोक सीव्हीई-२०२०-२९३७४ (सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) म्हणून नोंदलं गेलं. मूल फोर्कनंतर सामायिक पेज व्हीएमस्प्लाइसने (कॉपी न करता पेज पाइपला देणारा सिस्टिम कॉल) पाइपमध्ये घालतं, ज्याने रेफकाउंट वाढतो पण मॅपकाउंट नाही, आणि मग स्वतःचं मॅपिंग काढून टाकतं. मॅपकाउंटच्या हिशोबाने पालक एकटा उरला, म्हणून तो त्याच पेजमध्ये लिहितो. मूल पाइपमधून पालकाचा नवा मजकूर वाचतं.

२०२०मध्ये तपासणी रेफकाउंटवर नेली: तो बरोबर १ असेल तरच जागेवर लिही, नाहीतर कॉपी कर. भोक बुजलं, पण दुसऱ्या बाजूने फाटलं. एखाद्या प्रोसेसने आपलं पेज डीएमएसाठी ड्रायव्हरला दिलंय, म्हणून काउंट १पेक्षा जास्त. फोर्क किंवा स्वॅपच्या निमित्ताने पेजवरचा राइट बिट गेला, प्रोसेसने लिहिलं, कर्नलने कॉपी केली. आता डिव्हाइस जुन्या पेजमध्ये लिहितंय आणि प्रोसेस नव्या पेजमध्ये वाचतेय. कुठेही पॅनिक नाही, लॉगमध्ये ओळ नाही, फक्त डेटा येत नाही. अशी चूक पकडणं महाकठीण.

शेवटी ५.१९मध्ये (२०२२) अनामिक (कुठल्याही फाइलचं नसलेल्या) पेजवर 'हे फक्त याचंच' असं सांगणारी स्वतंत्र खूण आली. फोर्कमध्ये ती काढली जाते. पेज डीएमएसाठी पिन केलेलं (जागेवर धरून ठेवलेलं) असावं असं वाटलं तर फोर्कमध्येच लगेच कॉपी करून मुलाला देतात आणि मूळ पेज पालकाकडे राहतं. लिहायच्या हक्काचा निर्णय आता आधी या खुणेवर. खूण असेल तर काउंट कितीही असो, लिहू द्यायचं.

पिन ओळखायची युक्तीही बघण्यासारखी आहे. साध्या पेजसाठी वेगळा काउंटर ठेवायला जागा नव्हती, म्हणून ५.७पासून प्रत्येक पिन रेफकाउंटमध्ये १ऐवजी १०२४ मिळवते. काउंट १०२४ किंवा जास्त असेल तर 'बहुधा पिन आहे'. हजारभर प्रोसेसनी एकच पेज मॅप केलं तर उत्तर चुकतं, पण सुरक्षित बाजूने चुकतं: एक कॉपी फुकट जाते एवढंच. किंमत म्हणजे ३१ बिटांत जेमतेम २१ लाख पिन मावतात. मोठ्या फोलिओंना (अनेक पेजेसचे एकत्र गट) जागा असते, तिथे पिनचा काउंटर वेगळा आहे.

---

रिकामी_यादी

केफ्रीतला निर्णय फेच-अँड-सबच्या उत्तरावर नेला, यूव्हीएमकॉपीत अ‍ॅटॉमिक वाढ केली. (अ) आणि (आ) गेले, तीन सीपीयूंवर ५० फेऱ्या झाल्या. कॉपीआउट आधीच हाताळलेलं होतं. गळती मात्र पूर्ण गेलेली नाही. मेमरी संपवणाऱ्या चाचण्या एकट्या चालवल्या तर कधीकधी मोजून *एकच* पेज कमी भरतं. बाकीच्या चाचण्यांत शून्य.

आणि अ‍ॅटॉमिकसोबत मेमरी ऑर्डरिंग (वाचन-लेखनं इतर सीपीयूंना कुठल्या क्रमाने दिसतील त्याचा नियम) कुठली द्यायची?

---

अडगळीतला_बिट

मेमरी संपतानाच आणि एकच पेज, म्हणजे यूव्हीएमकॉपीची अपयशाची वाट. मूळ कोडमध्ये मॅपपेजेस (टेबलात नोंद टाकणारं फंक्शन) फसलं तर नुकतंच घेतलेलं पेज केफ्री करून मग एररच्या लेबलवर उडी आहे. कॉपी-ऑन-राइट करताना 'नवीन पेज तर घेतच नाही' म्हणून तो केफ्री सगळे उडवतात. पण लूप i-व्या पेजवर फसलं तर लेबलवरचं अनमॅप शून्यापासून *i-च्या आधीपर्यंतचीच* पेजेस सोडतं. i-व्या पेजचा काउंट तुम्ही वाढवलेला आहे आणि त्याची नोंद मुलाच्या टेबलात गेलेलीच नाही, म्हणून ती वाढ परत घ्यायला कुणी उरत नाही. तो केफ्री परत आणा, फक्त आता तो पालकाच्याच भौतिक पत्त्यावर.

पालकाच्या नोंदींवर लागलेला कॉपी-ऑन-राइट बिट तसाच राहू द्या. पुढच्या लिहिण्याला फॉल्ट येईल, काउंट १ सापडेल, राइट बिट परत मिळेल.

ऑर्डरिंग: वाढवताना रिलॅक्स्ड पुरतं, कारण वाढवणाऱ्याकडे आधीच एक हक्क असतो. कमी करताना रिलीज हवं, म्हणजे पेजमधली आपली वाचनं-लेखनं वजाबाकीच्या आधी पुरी होतात. शून्यावर नेणाऱ्याला अ‍ॅक्वायर हवं, म्हणजे बाकीच्यांचं काम संपलेलं त्याला दिसल्यावरच तो पेज पुसेल. सिंक घराण्यातली जुनी बिल्टइन (कंपायलरची अंगभूत फंक्शनं) पूर्ण बॅरियर देतात. तुमच्या आकाराच्या कर्नलमध्ये तीच वापरा आणि विसरून जा.

टीएलबीचं (सीपीयूने स्वतःजवळ ठेवलेल्या पेज टेबलाच्या नोंदी) एक्सव्ही६मध्ये निभावतं, कारण वापरकर्त्याकडे परतताना पेज टेबल बदलतं आणि तिथेच एसफेन्स (टीएलबी पुसणारी सूचना) होतो. कर्नल आणि वापरकर्ता एकाच टेबलावर आणलेत, तर राइट बिट काढल्यावर लगेच एसफेन्स हवा. थ्रेड असतील तर इतर सीपीयूंनाही इंटरप्ट पाठवून त्यांचा टीएलबी पुसून घ्या आणि *त्यानंतरच* जुन्या पेजचा काउंट कमी करा.

---

ट्रॅम्पोलिन

अजून एखादी गळती उरली तर अंदाज बांधण्यापेक्षा मोजा. सगळ्या प्रोसेस थांबवून प्रत्येकीच्या पेज टेबलातल्या वापरकर्त्याच्या नोंदी चाला आणि दुसऱ्या अ‍ॅरेमध्ये काउंट नव्याने बांधा. पेज टेबलांची स्वतःची पेजेस, ट्रॅपफ्रेम (कर्नलमध्ये शिरताना प्रोसेसचे रजिस्टर जपणारं पेज), कर्नल स्टॅक आणि पाइपच्या रचना यांना प्रत्येकी १ धरा. ट्रॅम्पोलिनचं पेज (कर्नलमध्ये जा-ये करणारा कोड) कर्नलच्या प्रतिमेतलं आहे, केॲलॉकने दिलेलं नाही, ते मोजू नका. दोन अ‍ॅरे जिथे जुळत नाहीत तो पेज क्रमांक छापा.

मग त्या पेजचं कोणी काय केलं ते हवं. प्रत्येक पेजला शेवटच्या आठ घटनांची गोल यादी द्या: परतीचा पत्ता, सीपीयू, नवा काउंट. १६ बाइटची एक घटना धरली तर ३२,७६८ गुणिले १२८, म्हणजे ४ एमबी. चूक सापडेपर्यंत १२८तले ४ परवडतात.

दोन पॅनिक मात्र कायम ठेवा: शून्यावरून वाढ झाली तर, आणि शून्याखाली वजाबाकी गेली तर. पहिला जास्त मोलाचा. मेलेल्या पेजचा काउंट वाढवणारा तिथल्या तिथे पकडला जातो, नाहीतर त्याचा कचरा दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोसेसमध्ये लाखभर सूचनांनंतर दिसतो.

---

पानमोजणी

वरच्या बाजूलाही एक पॅनिक ठेवा: काउंट प्रोसेसच्या मर्यादेपलीकडे, तुमच्याकडे ६४च्या वर गेला तर. गळतीने फुगणारा काउंट तिथे अडेल. ३२ बिटांचा काउंट भरून उलटणं अशक्य वाटतं, पण लिनक्समध्ये नेमकं तेच सीव्हीई-२०१९-११४८७ झालं. सुमारे १४० जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर एकाच पेजचे एवढे संदर्भ जमवता येत होते की रेफकाउंट उलटून शून्यावर यायचा आणि वापरातलं पेज सुटायचं. ५.१मध्ये आलेल्या दुरुस्तीने 'घेता आलं तर घे' या प्रकारचं फंक्शन दिलं. काउंट ऋण दिसला की ते संदर्भ नाकारतं, आणि बोलावणाऱ्याला अपयश हाताळावं लागतं. तुमच्या यूव्हीएमकॉपीत ती अपयशाची वाट आता आहेच.

---

रिकामी_यादी

i-व्या पेजचाच केफ्री होता. परत आणला, मेमरी संपवणाऱ्या चाचण्या २०० वेळा चालवल्या, मोकळी पेजेस दरवेळी जुळली. शून्यावरून वाढीचा पॅनिक एकदाही लागला नाही. तो आणि ६४चा, दोन्ही कोडमध्ये ठेवतोय.